शिवमंदिर बांधलं तेव्हा पाऊस किती पडायचा?

प्रश्न : अंबरनाथच्या शिवमंदिरात पावसाळ्यात गेलं की मनात येतं, हे बांधलं तेव्हाही इथे असाच पाऊस कोसळायचा का? तळ्याच्या गाळावरून जुना पाऊस ओळखता येतो म्हणतात. मग आमच्या वालधुनीच्या किंवा बारवी धरणाच्या गाळातून हे कळणार नाही का?
— एक वाचक, अंबरनाथ (पूर्व)

उत्तर : वालधुनी आणि बारवी, दोन्ही बाद. नदी आपला गाळ एका जागी टिकू देत नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढणारा उल्हास नदीचा पूर आठवा. तशा लोंढ्यांपुढे शेकडो वर्षांचे थर शाबूत राहणं कठीणच. बारवी धरण १९७०च्या दशकातलं. त्याच्या तळाशी साचलेला गाळ जेमतेम पन्नास वर्षांची साक्ष देईल, आणि मंदिराचा शिलालेख आहे शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा.

या कामाला असं तळं लागतं, ज्यात पाणी येतं पण वाहून बाहेर जात नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार तसं आहे. उल्का आदळून झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि त्यातलं पाणी मुख्यतः वाफ होऊनच जातं. पाऊस चांगला झाला की तळं भरतं, ओढ दिली की आटतं आणि उरलेलं पाणी अधिक खारट होतं. २००८ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या भूविज्ञान संस्थेच्या सुषमा प्रसाद आणि त्यांच्या भारतीय-जर्मन सहकाऱ्यांनी या तळ्यात नळी उतरवून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्याच्या बुडाचं वय अकरा हजार वर्षांच्या आसपास निघालं. म्हणजे सरासरीने वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा गाळ नाही!

वय ठरवायला कार्बन-१४ वापरतात, पण त्यासाठी काठावरून पडलेली पानं-काड्या शोधाव्या लागतात. तळ्याच्या पाण्यात जुना कार्बन मुरलेला असतो. त्यातच वाढलेलं शेवाळ मोजलं तर वय फुगून येतं.

पाऊस कमी होता हे ओळखायची सगळ्यात बोलकी खूण म्हणजे गेलुसाइटचे स्फटिक. सोडियम-कॅल्शियमचं हे क्षारखनिज पाणी खूप आटून खारट झाल्यावरच तयार होतं. (लोणारच्या क्षारांना स्थानिकांनी पापडी, दल्ला, भुसकी अशी नावं फार पूर्वीच दिलेली आहेत.) शिवाय पानांवरच्या मेणाचे अंश गाळात टिकतात. झाडांच्या आणि उष्ण प्रदेशातल्या गवतांच्या मेणातला कार्बन थोडा वेगळा असतो. त्यावरून काठावर रान होतं की माळ, हे समजतं. लोणारला रान मागे हटून माळ पसरत गेल्याचं दिसतं.

या सगळ्यावरून २०१४ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की मान्सून दोनदा दीर्घकाळ दुबळा झाला : एकदा साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. तुमचं मंदिर दुसऱ्या काळात बसतं.

पण म्हणून मंदिर बांधणाऱ्या शिलाहार राजांच्या अंबरनाथात दुष्काळ होता, असं म्हणायला मी तयार नाही. लोणार तिथून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेच्या बाजूला. वाऱ्याने आणलेला पाऊस घाट आधी आपल्याकडे रिता करतात. तिकडे मान्सून अडखळला तरी कोकणात चिखल व्हायला पुरेसं पाणी पडू शकतं. दुसरं असं, की चौदाशे वर्षांच्या दुबळ्या काळातही भरघोस पावसाची वर्षं येऊन जातात. गाळ शतकांचा कल सांगतो. १०६० सालच्या आषाढाचा हिशेब त्याच्याकडे मागू नये. गुहांतल्या चुनखडीच्या स्तंभांवरून वर्षावर्षाचा पाऊस काढता येतो, पण आपला डोंगर काळ्या बेसाल्टचा. त्यात चुनखडीच्या गुहा नाहीत.

वालधुनीला मात्र अगदीच मुकी म्हणू नका. तिचं पाणी शेवटी उल्हासला आणि पुढे खाडीला मिळतं. खाडीकाठच्या खारफुटीत गाळ शांतपणे बसतो. अशा अलीकडच्या थरांचं वय शिसं-२१० वरून ठरवतात, कारण ते दर बावीस वर्षांनी निम्मं होतं. आणि अणुचाचण्यांमधून १९६३ च्या सुमारास सर्वाधिक पडलेला सीझियम-१३७ त्यात खुणेचा दगड ठरतो. त्या गाळात पावसापेक्षा कारखान्यांची सांडपाणी-कथाच ठळक वाचायला मिळेल.