पाळणाघरातलं औषध कागदावरच हवं

31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसी-कोपरी गावात 12 लहान मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. उलट्या सुरू झाल्या, मुलांना रुग्णालयात हलवावं लागलं. सुदैवाने ती बचावली. हे घडलं लसीकरण मोहिमेच्या दिवशी, त्याच कामावर नेमलेल्या माणसांच्या हातून. त्यांना बेजबाबदार म्हणून विषय संपवणं सोपं आहे. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. एकामागून एक मुलं पुढे येत असली आणि हाताशी एकाहून जास्त बाटल्या असल्या, की सरावलेला हातही चुकतो. मग बडोद्यात मकरपुऱ्याच्या पाळीवर निघालेली आई दारातूनच, 'ताई, दुपारी एक चमचा द्या हं,' असं सांगून जाते, तेव्हा दहाबारा मुलं सांभाळणाऱ्या त्या ताईंवर आपण केवढा भार टाकतो! पाळणाघरात तोंडी सांगितलेलं औषध द्यायचंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तापाचंच औषध घ्या, कारण ते सगळ्यात निरुपद्रवी समजलं जातं. आपल्याकडे लहान मुलांचं पॅरासिटामॉल साधारण तीन ताकदींत मिळतं: ड्रॉप्सच्या एका मिलीत 100 मिलिग्रॅम, साध्या सिरपच्या पाच मिलीत 120 किंवा 125, आणि जास्त ताकदीच्या सिरपच्या पाच मिलीत 250. दहा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी 150 मिलिग्रॅम सांगितलं असेल, तर ड्रॉप्स दीड मिली पुरतात, साधं सिरप सहा मिलीच्या आसपास लागतं आणि जास्त ताकदीचं तीनच मिली. आता 'एक चमचा' म्हणजे पाच मिली धरून कोणी ड्रॉप्सच्या बाटलीतून औषध ओतलं, तर मुलाच्या पोटात 500 मिलिग्रॅम जातं. शिवाय घरातले चमचे एका मापाचे नसतातच. म्हणून कागदावर औषधाचं नाव, त्याची ताकद, मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही, मुलाचं नाव व वजन हवं. मोजायला बाटलीसोबत आलेलं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज, आणि औषध मूळ बाटलीतच. दुसऱ्या डबीत काढून आणलेलं औषध ताईंनी हातात घेऊ नये.

याहून जास्त घोटाळा वेळेचा होतो. सकाळी सातला घरी आजीने डोस दिलेला असतो, आई विसरते, आणि नऊ वाजता अंग गरम लागलं म्हणून पाळणाघरात पुन्हा दिला जातो. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर लागतं आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस द्यायचे नसतात. म्हणून शेवटचा डोस किती वाजता दिला, ही ओळ कागदावर सर्वात वर असावी. त्याहूनही बरा उपाय आईबापांच्या हातात आहे. औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना विचारावं, की हे दिवसातून दोनदा देऊन चालेल का. बरीच अँटिबायोटिक्स तशी मिळतात. मग दोन्ही डोस घरीच होतात.

काही जण म्हणतील, मूल तापाने फणफणलंय आणि ताई कागद मागत बसल्या, तर ती माणुसकी कसली? हा आक्षेप मला खरा वाटतो. पण कागद प्रवेशाच्या दिवशीच भरून ठेवता येतो, दर दोन महिन्यांनी नवं वजन टाकून. ताप आला की आईला फोन करायचा तो फक्त आधीचा डोस विचारायला. खोकल्याच्या औषधाबाबत मात्र सवलत नको. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची मुलं दूषित सिरपने दगावली, त्यांतली अनेक नागपूरच्या दवाखान्यांत होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाचखालच्यांनाही सहसा नकोत, असं कळवलं. बाटली घरात पडून होती म्हणून पिशवीत टाकली, हे कारण चालू नये.

दुसरा आक्षेप छोट्या पाळणाघरांचा. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. तिथे एक ताई डोस मोजेल, दुसरी तपासेल. पण दांडिया बाजारातल्या एखाद्या घरात एकट्या काकू चार मुलं सांभाळतात, त्यांनी कोणाला दाखवायचं? बाटलीचं लेबल आणि भरलेली सिरिंज यांचा फोटो आईला पाठवावा, तिचं उत्तर आल्यावर डोस द्यावा आणि लगेच वेळ लिहावी. एवढं करूनही डोस जास्त गेलाच, तर मूल खेळतंय म्हणून थांबू नये. पॅरासिटामॉलने यकृताला झालेली इजा पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. उलटी करायला लावू नये. 108 ला फोन करावा किंवा सरळ सयाजी हॉस्पिटल गाठावं, आणि ती बाटली व तो कागद सोबत न्यावा.