ईटीचा फोन घरी बांधताना

चित्रपटातली बहुतेक यंत्रं आतून मुकी असतात. ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटातल्या ल्यूक स्कायवॉकरचं प्रकाशखड्ग म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या प्रेस-कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा. सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांना तो लंडनमधल्या एका फोटोच्या सामानाच्या दुकानात, जुन्या वस्तूंच्या खोक्यात सापडला होता. त्याच चित्रपटातल्या ओबी-वानच्या खड्गात जेट इंजिनाची नळी, पहिल्या महायुद्धातल्या रायफल ग्रेनेडचा भाग आणि न्हाणीघरातल्या नळाची चावी असं सगळं एका माळेत ओवलं आहे. ‘बॅक टू द फ्युचर’च्या शेवटी गाडीवर दिसणारी, कचऱ्यावर चालणारी अणुभट्टी म्हणजे क्रुप्सचं कॉफी दळण्याचं यंत्र. यांतलं काहीच चालत नव्हतं आणि चालायची गरजही नव्हती. काही सेकंद कॅमेऱ्याला खरं वाटलं की त्यांचं काम संपत होतं.

१९८२च्या ‘ई.टी.’मधला फोन मात्र वेगळ्या जातीचा आहे. परग्रहावरचा तो छोटा जीव घरातल्या अडगळीतून संदेशयंत्र जुळवतो. ते यंत्र नुसतं दिसायला नको, घरात मिळणाऱ्या वस्तूंतून खरोखर चालायला हवं, अशी दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांची इच्छा होती. विज्ञान-तंत्रज्ञान सामान्यांना उलगडून दाखवणं हा ज्यांचा पेशा, त्या हेन्री फाइनबर्ग यांनी ते बनवलं. रेकॉर्ड प्लेअरच्या तबकडीवर गोल करवतीचं पातं, त्यावर टेकलेले केसांचे आकडे, पातं पुढे ढकलायला काटा आणि सुरी, शब्द उच्चारायला ‘स्पीक अँड स्पेल’ हे खेळणं, कॉफीचा डबा आणि वर्ख लावलेली छत्री. झाडाच्या फांदीला बांधलेली दोरी वाऱ्याने हलते, काटा-सुरी पात्याला एकेक पाऊल पुढे नेतात, आकडे पात्यावरची सांकेतिक खूण वाचतात आणि खेळणं बोलू लागतं.

म्हणूनच हौशी कारागिरांना ही वस्तू खुणावत राहते. प्रकाशखड्गाची प्रतिकृती कितीही हुबेहूब झाली तरी ती कपाटातच राहते. ईटीचा फोन समजून घेतला तर घरी बांधता येतो, चालवता येतो. मात्र तो बांधणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यायला हवी, असं मी माझ्या टेबलावरच्या यंत्राच्या अनुभवावरून सांगतो. चित्रपटातली वस्तू शॉटपुरती जगते आणि तिच्याभोवती तंत्रज्ञ उभे असतात. घरातल्या वस्तूला शेजारची मुलं हात लावतात, ती पावसाळ्यात माळ्यावर पडून राहते आणि तिचा प्रत्येक भाग आधी कुठेतरी वेगळंच काम करून आलेला असतो. त्या आधीच्या आयुष्याची चौकशी केल्याशिवाय एकही तार जोडू नये.

चौकशी बाजारातच सुरू होते. पुण्याचा जुना बाजार असो वा मुंबईचा चोर बाजार, तिथे ओळखू न येणारा जड, चकचकीत धातूचा तुकडा फार मोहात पाडतो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असाच मोह महागात पडला. दिल्ली विद्यापीठातलं वर्षानुवर्षं न वापरलेलं गॅमा किरणांचं संशोधन-यंत्र लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं, ते फोडलं गेलं आणि आतला कोबाल्ट-६० उघडा पडला. एकाचा जीव गेला, इतर अनेकांना रुग्णालयात ठेवावं लागलं. तीन पाकळ्यांची किरणोत्सर्गाची खूण असलेला, शिशासारखा अनपेक्षित जड किंवा उघडताच येणार नाही असा बंद केलेला भाग घरी आणूच नये. तोफगोळा, ग्रेनेड, काडतुसाचं नळकांडं यांनाही हेच लागू. ‘आतून रिकामं आहे’ हे विक्रेत्याचं म्हणणं पुरावा ठरत नाही. ओबी-वानच्या खड्गाची हौस असलेल्यांनी ग्रेनेडचा भाग लेथवर अॅल्युमिनियममध्ये कातून घ्यावा. तो हलकाही होतो आणि दिसायला तितकाच छान.

दुसरा धोका घरातल्याच वस्तूंचा, आणि तो जास्त फसवा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही सुटे भाग मिळवण्यासाठी बरेच जण उघडतात. अशा रंगीत टीव्हीच्या ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तिथे टिकून राहू शकतो. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर आपल्या २३० व्होल्टच्या विजेपासून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो. रोलवाल्या कॅमेऱ्याच्या इवल्याशा फ्लॅशमध्येही तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि हे तर लहान मुलाच्या हातात मावणारं यंत्र. फोनसाठी टीव्ही फोडायची काही गरज नाही, तेव्हा तो नादच सोडावा.

रेकॉर्ड प्लेअरची गोष्ट तशीच. मूळ कल्पनेत तबकडी वाऱ्यावर फिरते, विजेवर नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि विजेची दोरी उपटून बाहेर काढणं. आपल्याला फक्त सहज फिरणारी तबकडी आणि तिचा आस हवा. ती दोरी ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून आत गुंडाळून ठेवणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, ठेवू नका. उद्या कुणीतरी ती भिंतीत खुपसेल, आणि तेव्हा पात्याचा धातू, आकडे आणि मुलाचे हात या सगळ्यांची एकच साखळी झालेली असेल.

विजेबाबतचा आणखी एक धडा खेळणी उघडणाऱ्यांकडून घेण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे रीड गझाला यांना १९६०च्या दशकात, पोरवयात, ड्रॉवरमधल्या धातूला चुकून टेकलेल्या खेळण्यातल्या अॅम्प्लिफायरमधून विलक्षण आवाज ऐकू आले. पुढे खेळण्यांच्या सर्किटमध्ये मुद्दाम असे जोड देऊन वाद्यं बनवण्याची एक कलाच त्यांनी रुजवली. ‘स्पीक अँड स्पेल’ हे त्या कलेतलं सगळ्यात लाडकं खेळणं. ही कला जोपासणाऱ्यांचा पहिला नियम फोनलाही शंभर टक्के लागू पडतो: सेलवर चालणारंच उपकरण उघडायचं, भिंतीतल्या विजेवरचं नाही. त्यात मी एक भर घालतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले लिथियमचे सेल इथे वापरू नयेत. त्यांना शॉर्ट सर्किट झालं तर ते पेट घेतात, आणि सैल आकडे नि उघडं पातं असलेल्या यंत्रात शॉर्ट कधी ना कधी होणारच. साधे पेन्सिल सेल पुरतात.

आता खेळणं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७८ साली आणलेल्या ‘स्पीक अँड स्पेल’मध्ये मानवी आवाज एका चिपवर गणिताने घडवला जात होता. इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासात त्या चिपला मानाचं स्थान आहे. नेमक्या याच कारणासाठी चालू स्थितीतलं मूळ खेळणं कापू नये. ग्राफ्लेक्सच्या दांड्यांचं काय झालं ते पाहा. छायाचित्रणाच्या इतिहासातली ती साधी, उपयोगी वस्तू खड्गाच्या प्रतिकृतींसाठी इतकी उचलली गेली की जुने कॅमेरे जपणाऱ्यांना आज ती धड मिळत नाही. मेलेलं ‘स्पीक अँड स्पेल’ मिळालं तर त्याचं कवच वापरा. बोलण्याचं काम एबीसीडी किंवा बाराखडी म्हणणाऱ्या कुठल्याही स्वस्त बोलक्या खेळण्यावर सोपवा. परग्रहवासी मराठीत बोलला तर कोण हरकत घेईल?

सगळ्यात रसाळ आणि सगळ्यात डोकं खाणारा भाग म्हणजे पातं आणि आकडे. खेळण्यातल्या प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. बटणं आडव्या आणि उभ्या ओळींच्या जाळीवर बसवलेली असतात. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी ओळ जोडली जाते, आणि त्या जोडीवरून चिपला अक्षर कळतं. तेव्हा काही आकडे आडव्या ओळींचे, काही उभ्या ओळींचे. पात्यावर रंगाचा जाड थर द्यायचा आणि हव्या त्या जागी तो खरवडून धातू उघडा करायचा. पातं थांबलं असताना आडव्यापैकी एकच आणि उभ्यापैकी एकच आकडा उघड्या धातूवर टेकला पाहिजे. पातं त्या दोघांना जोडतं आणि अक्षर उमटतं. तिसरा आकडा टेकला की ओळींचा गुंता होतो आणि न दाबलेली बटणं आपोआप बोलू लागतात.

हा गुंता शोधायचा तर खेळणं जोडण्याआधीच. मल्टीमीटर ‘बीप’वर ठेवून पातं एकेक पाऊल फिरवावं आणि प्रत्येक थांब्यावर कुठले दोन आकडे जुळतात ते वहीत लिहावं. ती वही पुढे फार उपयोगी पडते. पातं ज्या आसावर बसतं त्याच्याशी धातूचा संबंध राहू नये म्हणून मध्ये फायबरचे वायसर घालावेत. खरवडायचा रंग आपण स्वतः दिलेला, शिसं नसलेला असावा. भंगारातल्या पत्र्यावरचा जुना रंग घासून धूळ उडवू नये. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा २०१७पासूनच आली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही.

काटा-सुरीचं महत्त्व इथे कळतं. पातं सलग फिरवलं तर आकडे उघड्या जागेच्या कडेवर थरथरतात आणि एक अक्षर दोन-तीनदा ऐकू येतं. काटा पात्याला एक पाऊल ढकलतो, सुरी त्याला मागे येऊ देत नाही, आणि त्या क्षणभराच्या थांब्यात संपर्क स्थिर होतो. फाइनबर्ग यांच्या रचनेतली ही हुशारी हातात घेतल्यावरच पुरती उमगते. ‘दिसायला छान’ म्हणून काटा-सुरी चिकटवून मागे सर्व्हो मोटर लपवणारे या आनंदाला मुकतात. पात्याचे दात मात्र कानशीने पूर्ण बोथट करावेत. कार्बाइडची टोकं असलेलं पातं टाळावं, कारण ती टोकं कानशीला दाद देत नाहीत.

उरली छत्री आणि डबा, आणि इथे यंत्र ‘चालतं’ म्हणजे काय ते ठरवावं लागतं. पहिला विचार साहजिकच प्रक्षेपणाचा येतो: वाय-फायच्या लहरींवर, २.४ गिगाहर्ट्झला, संदेश आकाशात सोडायचा. कॉफीचा किंवा तुपाचा साधारण साडेसात ते साडेनऊ सेंटिमीटर व्यासाचा डबा या लहरींना योग्य वाट करून देतो. हा पट्टा भारतात परवानामुक्त आहे. पण त्याला एक अट आहे, आणि ती डिशचं काम करणाऱ्या छत्रीमुळे नकळत मोडते. अँटेनाने एका दिशेला एकवटल्यानंतरची परिणामी शक्ती ४ वॅटच्या आत हवी. खेळण्यातल्यासारखं वाटणारं वाय-फायचं मॉड्यूल ०.१ वॅटचं असतं, पण मीटरभर व्यासाची चांगली डिश ते एका दिशेला शंभर पटींनी वाढवू शकते. मग हिशेब थेट १० वॅटवर जातो. मॉड्यूलची शक्ती उतरवल्याशिवाय छत्रीसमोर ते चालू करू नये. एरवी परवानामुक्त पट्ट्यांबाहेर तर काहीही प्रक्षेपित करू नये, मग ते सिनेमाच्या प्रेमापोटी का असेना.

माझं स्पष्ट मत असं, की घरच्या फोनने बोलण्यापेक्षा ऐकावं. आकाशगंगेतला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर, सतत गुणगुणत असतो. ऐकताना आपण काहीच प्रक्षेपित करत नाही. साध्या यूएसबी एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) डोंगलने आणि कमी गोंगाटाच्या अॅम्प्लिफायरने हौशी लोकांनी तो मीटरभराच्या डिशवर टिपला आहे. यासाठी सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचा मोठा पत्र्याचा डबा लागतो. छत्रीला स्वयंपाकघरातला वर्ख लावला तर तो घडी घालताच फाटतो. त्यापेक्षा अॅल्युमिनियमची डासांची जाळी ताणून शिवावी. नायलॉनची जाळी निरुपयोगी, म्हणून विकत घेताना मल्टीमीटर लावून बघावं. दांडा लाकडी असलेली, जास्त काड्यांची छत्री निवडावी. लोखंडी दांडा नेमका केंद्रातून जातो आणि डब्याच्या तोंडाशी अडथळा करतो. छत्रीचा आकार अचूक परवलय नसतो, त्यामुळे डबा दांड्यावर पुढे-मागे सरकवत संकेत सगळ्यात जोरकस येईल ती जागा शोधावी लागते.

जाळीच्या भोकांतून लहरी निसटतील अशी शंका येणाऱ्यांनी जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जावं. तिथली जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची आहे, आणि त्या डिश पत्र्याच्या नाहीत. ती उभारणारे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या तारांच्या आधारावर पोलादी तारेची विरळ जाळी बसवली. जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची, म्हणजे २१ सेंटिमीटरच्या लहरीच्या दहाव्या हिश्शाइतकी किंवा त्याहून लहान. लहरीला ती भिंतच वाटते, वाऱ्याला मात्र वाट मिळते, आणि डिश हलकी नि स्वस्त होते.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. शाळा-महाविद्यालयांची मुलं आपापली उपकरणं घेऊन येतात. असा फोन तिथे किंवा इतर कुठे नेताना प्रवासाचा विचार आधी करावा. २००७ साली अमेरिकेत एमआयटीची एक विद्यार्थिनी दिव्यांचं साधं सर्किट आणि ९ व्होल्टचा सेल अंगावरच्या कपड्यावर लावून बोस्टनच्या विमानतळावर गेली आणि तिला बंदूकधारी पोलिसांनी अडवलं. तारा, सेल, डबा आणि करवतीचं पातं एकत्र दिसलं तर रेल्वे स्थानकावरचा पोलीसही थांबवणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. सेल काढून वेगळ्या डब्यात ठेवावेत, पातं उतरवून पुठ्ठ्यात गुंडाळावं, आणि सर्किटची आकृती नि शाळेचं किंवा आयोजकांचं पत्र वरच्या खिशात ठेवावं.