खाचरातले चारपानी तण

भाताच्या खाचरात एका बारीक देठावर क्रुसासारखी चार पाने धरणारे तण आपण सर्वांनी उपटले आहे. ते नेच्याच्या कुळातले. शास्त्रीय नाव मार्सिलिया. त्याला फूल येत नाही, बीही धरत नाही. मग दरवर्षी ते येते कोठून?

विहिरीच्या भिंतीवरील नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके असतात. त्यांतून धुळीसारखे बीजाणू झडतात. ओलीत पडलेल्या बीजाणूपासून नखाएवढे, पत्त्यांतील बदामाच्या आकाराचे पातळ हिरवे पान होते. त्याच्या खालच्या अंगास नरपेशी व मादीपेशी तयार होतात. नरपेशी पाण्यातून पोहत मादीपेशीकडे जाते आणि तेथून नवा नेचा उगवतो. पाणी नाही तर नेचा नाही.

मार्सिलिया याहून हुशार. खाचर सुकू लागले की देठाच्या बुडाशी बारीक, कठीण गोळ्या धरतात. बीजाणू त्यांत बंद असतात. जमीन उन्हाळाभर तापली तरी त्यांचे काही बिघडत नाही. कित्येक वर्षे कोरड्या राहिलेल्या गोळ्याही रुजतात. टणक साल झिजून पाणी आत शिरले की सरसासारखी दोरी बीजाणू घेऊन बाहेर पडते आणि दिवसभरात नर-मादीचे मीलन उरकते.

म्हणून नुसती जमीन तापवून हे तण जात नाही. चिखलणीत त्याचे सरपटते खोड तुटते व तुकडे पुन्हा मूळ धरतात. भांगलणीत ते खोडासकट, गोळ्या धरण्यापूर्वीच काढावे. ओल्या बांधावर टाकू नये. दूर नेऊन कडक उन्हात वाळवावे. दुसऱ्या खाचरात जाण्याआधी औतही धुवावे. आम्ही हे फार उशिरा शिकलो.