नमुना किती वेगाने ओढला जातो?

प्रश्न : आमच्या अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन उपकरणावर कॅल्शियमची रीडिंग सकाळी नीट येतात, दुपारी घसरतात. दिवा बदलून पाहिला. नमुना ज्योतीत किती वेगाने जातो, हे मोजता येईल का?

उत्तर : नक्की येईल, आणि त्याला वेगळं उपकरण लागत नाही. छोट्या बीकरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्याचं वजन करा. ज्योत चालू असताना नेब्युलायझरची बारीक नळी त्यात बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. बरोबर एका मिनिटाने नळी काढा आणि पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम कमी, तितके मिलिलिटर. मोजपात्रानेही जमतं, मात्र नळी आत असताना पातळी वर चढते, म्हणून दोन्ही वेळा नळी बाहेर काढूनच खूण वाचा. नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते.

ज्योतीच्या उपकरणांत हा वेग साधारण मिनिटाला ४ ते ६ मिली असतो. तरी छापील आकड्यापेक्षा तुमच्या उपकरणाचा सकाळचा आकडा वहीत लिहिलेला असणं मी जास्त मोलाचं मानतो. दुपारी तो उतरला, तर नळीत क्षार किंवा फिल्टर पेपरचा तंतू अडकलेला असण्याची शक्यता मोठी. ज्योत विझवून, नेब्युलायझरसोबत मिळालेल्या तारेनेच तो काढा. पाणी पूर्ववत ओढलं जातं, पण नमुना संथ जातो? मग नमुना दाट आहे. प्रमाण द्रावणंही तेवढ्याच आम्लात, तशाच घटकांसह बनवा.