जहाजं थांबली तेव्हा

वाचन: स्तोत्रसंहिता १०४:२४-२६



आजच्या शास्त्रभागात स्तोत्रकर्ता समुद्राकडे बघतो आणि एकाच वचनात दोघांची नावं घेतो: ये-जा करणारी जहाजं आणि खेळण्यासाठी घडवलेला लिव्याथान. लिव्याथान म्हणजे नेमका कोणता प्राणी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र देवमासाच येतो. (खरं तर तो मासा नव्हे, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी. पण आपल्या भाषेनं त्याला ‘देव’ जोडून दिलाय, ते मला आवडतं.)

कॅनडाच्या फंडी उपसागरात उन्हाळ्यात राईट व्हेल येत असत. काळाभोर, पाठीवर पर नाही, डोक्यावर खरखरीत पांढुरके चट्टे. हे चट्टे प्रत्येकाचे वेगळे, त्यावरूनच माणसं त्यांना ओळखतात. संथ पोहणारा आणि मेल्यावरही तरंगणारा, म्हणून शिकाऱ्यांनी त्याला ‘मारायला योग्य’ ठरवलं आणि तेच नाव पडलं असं सांगतात. आज उत्तर अटलांटिकमध्ये ते चारशेसुद्धा नाहीत.

एकमेकांना शोधायला ते खालून वर चढत जाणारी, साधारण सेकंदभराची हाक देतात. स्वर खर्जातला. अडचण अशी की मोठ्या जहाजांची घरघरही त्याच खर्जात असते.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तिथली जहाजवाहतूक एकदम कमी झाली. पाण्याखालचा गोंगाट ६ डेसिबलनं उतरला. योगायोगानं त्याच दिवसांत संशोधक या देवमाशांच्या विष्ठेचे नमुने गोळा करत होते. तपासलं, तर ताणाची संप्रेरकं घटलेली! पुढच्या वर्षांत त्याच हंगामात तशी घट दिसली नाही. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हे जीव रोजच ताणात जगत होते, आणि ते कळलं कधी, तर जहाजं थांबली तेव्हा.

आणखी एक गोष्ट मला सोडत नाहीये. नवजात पिल्लाजवळ असताना यांची आई मोठ्यानं हाक फारशी देत नाही. अगदी हळू, तुटक हुंकार देते, शिकारी प्राण्यांना सुगावा लागू नये म्हणून, असं अभ्यासकांना वाटतं. एवढा हळू आवाज गोंगाटात टिकेल कसा?

आजारातून उठल्यापासून माझ्या आईचा आवाजही बारीक झालाय. परवा सकाळी स्वयंपाकघरात मिक्सर चालू, मोबाईलवर गीतं लावलेली. हो, उपासनेचीच गीतं, आणि चांगली मोठ्यानं! तिनं दोनदा हाक मारली आणि गप्प बसली. पाणी हवं होतं. मी अर्ध्या तासानं खोलीत गेले तर ओठ कोरडे. “अगं, तू प्रार्थनेत होतीस ना,” म्हणाली.

मी प्रार्थनेत नव्हते. चटणी वाटत होते.

काल वाटण रात्रीच करून ठेवलं आणि सकाळी मोबाईल बंद ठेवला. साडेसहाला हाक आली. उशी सरळ करून हवी होती, एवढंच.

उद्याचं वाचन: स्तोत्रसंहिता १०४:२७-३०