चाळीस लिटरचा समुद्र

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. कारण गेल्या वर्षभरात आमच्या विंगमधल्या प्रत्येकीने माझ्या खोलीत डोकावून विचारलेला प्रश्न मराठीतच होता : "अगं, पण ह्या टाकीत मासा कुठेय?"

मासा नाहीच आहे. टाकीत प्रवाळ आहेत, दोन गोगलगायी आहेत आणि शंखात राहणारा एक खेकडा आहे. आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पोवळं अंगठीत घालतात गं, पाण्यात कशाला ठेवलंस?" म्हणून सुरुवात तिथूनच करूया.

प्रवाळ म्हणजे नक्की काय?

प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. छोट्या फुलासारखा दिसणारा एकेक जीव, त्याला पॉलिप म्हणतात. मध्ये तोंड, भोवती हातांसारखे तंतू. असे अनेक पॉलिप एकमेकांना चिकटून वसाहत करतात. आजीच्या अंगठीतलं लाल पोवळं हा ह्याच मोठ्या खानदानातला, पण वेगळ्या घराण्यातला जीव. तो खोल, अंधाऱ्या पाण्यात अतिशय सावकाश वाढतो आणि त्याचा सांगाडा घासून मणी करतात.

माझ्या टाकीतले प्रवाळ उजेडात राहणारे आहेत. त्यांच्या शरीरात एकपेशीय शैवाल भाडेकरूसारखं राहतं. शैवाल उजेडावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा भाग भाडं म्हणून घरमालकाला देतं. त्याबदल्यात त्याला राहायला जागा आणि खत मिळतं. पाणी फार तापलं किंवा दुसरा काही धक्का बसला की हा करार मोडतो. शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढराफटक दिसायला लागतो आणि उपाशी राहतो. ह्यालाच ब्लीचिंग म्हणतात. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी फक्त १ अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं तरी हे होऊ शकतं. लक्षद्वीपमध्ये १९९८ साली असं मोठ्या प्रमाणावर झालं आणि २०२४ साली पुन्हा झालं. एवढ्या मोठ्या समुद्रात १ अंश पुरतो, तर माझ्या टाकीची काय कथा!

आधी कायदा, मग हौस

मी पहिल्यांदा टाकीचं सामान घ्यायला गेले तेव्हा एका दुकानदाराने आतून फांद्यांसारखा एक कडक प्रवाळ आणून दाखवला. म्हणाला, "घेऊन जा, कोणी विचारत नाही." सुंदर होता. मी घेणारही होते, खोटं कशाला बोलू. पण आदल्या रात्री वाचलेलं आठवलं. खडक बांधणारे सगळे कडक प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, घातले गेले. ह्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. २०२० साली मुंबईत किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअलीचे प्रवाळ आले, तेव्हा ते परवानगी काढून दुसरीकडे हलवून लावावे लागले. सरकारी कामाला जर एवढं करावं लागतं, तर मी पिशवीत घालून बसने आणायचा प्रश्नच नाही.

म्हणून माझ्याकडे फक्त झोआंथिड, मशरूम प्रवाळ आणि झेनिया. हे मऊ असतात, कायद्यात नाव असलेल्या गटांत येत नाहीत, आणि नवशिक्यासाठी सोपेही आहेत. टाकीत वाढवलेले घ्यावेत, बिल मागून घ्यावं. मालवणला किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना दिसलेलं काहीही उचलून आणू नये. ते सागरी अभयारण्य आहे. खडकसुद्धा मी माणसाने बनवलेला, सच्छिद्र घेतला.

छोटी टाकी, मोठी अडचण

सगळ्यांचा समज असा की छोटी टाकी सोपी. उलट आहे. माझी टाकी ४५ × ३० × ३० सेंटीमीटर, म्हणजे साधारण ४० लिटर. खडक आणि वाळू वजा केली तर खरं पाणी ३२ लिटर. मोठ्या टाकीत एखादी गोगलगाय मेली तर पत्ता लागत नाही, माझ्या टाकीत सगळं पाणी नासतं. मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर फ्लायव्हीलच नाही. जरा धक्का लागला की गाडी डगमगते.

टाकी मांडल्यावर पहिले सहा आठवडे मी त्यात एकही प्रवाळ घातला नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू खडकावर स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. रूममेट म्हणायची, "नुसतं खारं पाणी बघत बसतेस रोज." तिचंही बरोबरच होतं म्हणा.

खारटपणाचं गणित

समुद्राच्या १००० ग्रॅम पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीत तेच ठेवायचं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरावा, आणि तो ३५ च्याच प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. स्वस्तातला काट्याचा हायड्रोमीटर बऱ्याचदा खोटं बोलतो.

आता पंख्याखाली माझ्या टाकीतून दिवसाला अर्धा लिटर पाणी उडतं. पातळी जेमतेम पावणेचार मिलिमीटर उतरते, डोळ्यांना कळतसुद्धा नाही. पण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. मी तीन दिवस घरी गेले की दीड लिटर कमी : ३५ × ३२ ÷ ३०.५ म्हणजे ३६.७. आल्या आल्या दीड लिटर गोडं पाणी भस्सकन ओतलं की काही मिनिटांत परत ३५. प्रवाळाला वर चढलेलं एकवेळ चालतं, पण हा झटका सोसत नाही.

उपाय एकदम साधा. काचेवर चिकटपट्टी लावून रेघ मारली. रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी भरायचं. कोणतं पाणी? मिठाचं नाही, गोडं आणि शुद्ध. हॉस्टेलच्या बोअरचं अजिबात नाही. केमिस्ट्री लॅबच्या सहायक काकांनी मला दर आठवड्याला डीएम वॉटरचा कॅन भरून द्यायचं कबूल केलं, म्हणून हे सगळं जमलं.

एप्रिल-मेचा ताप

आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. एप्रिलमध्ये टाकीचं पाणी ३०.५ अंशांवर गेलं. हवं असतं २५ ते २७. चिलर घ्यायचे पैसे नव्हते, म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावून पाण्यावर तिरका बसवला. थर्मोच्या पेपरमध्ये रडवणारी सुप्त उष्णता इथे कामाला आली. ३२ लिटर पाणी १ अंशाने थंड करायला सुमारे १३४ किलोज्यूल काढायचे. १ किलो पाणी उडताना सुमारे २४३० किलोज्यूल घेऊन जातं. म्हणजे १ अंशासाठी फक्त ५५ मिलिलिटर पाणी उडायला हवं! पंख्याने टाकी २७.५ वर आली. अर्थात जितका पंखा जास्त, तितकं रेघेपर्यंत भरायचं पाणीही जास्त. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा पंख्याचा उपयोग कमी होतो, पण तेव्हा गरजही कमी असते.

खायच्या सोड्याची गोष्ट

आता माझा पराक्रम. हा भाग सांगायला लाज वाटते, पण त्यासाठीच हा लेख लिहिला.

जानेवारीत एके दिवशी पहाटे पाच वाजता अभ्यासाला उठले आणि सहज पीएच मोजला. ७.८! पुस्तकात ८.१ ते ८.४ लिहिलेलं. मी घाबरले. मेसमधून खायचा सोडा आणला आणि चमचाभर, साधारण ६ ग्रॅम, पाण्यात विरघळवून टाकीत ओतला. पुन्हा मोजला तर पीएच वाढायच्या ऐवजी किंचित खालीच आला.

गणित मी नंतर केलं. ६ ग्रॅम सोडा ३२ लिटरमध्ये गेला की अल्कलिनिटी ६ डीकेएचपेक्षा जास्त वाढते. टाकी ८ वर होती, एका चमच्यात १४ च्या पुढे गेली. समुद्रात ती ७ च्या आसपास असते. दुपारपर्यंत झोआंथिड मिटले. माझा झेनिया, ज्याचे हात दिवसभर मूठ उघडल्या-मिटल्यासारखे हलायचे, तो वाकून पडला. मग मी दुसरी चूक केली. घाबरून एकदम २० लिटर पाणी बदललं. नवं पाणी थंडही होतं. दुसऱ्या दिवशी झेनियाच्या जागी फक्त करडा चिकट लगदा होता. वासावरून रूममेटलाही कळलं. ती काही बोलली नाही, खिडकी उघडली फक्त.

आणि गंमत म्हणजे खरं उत्तर त्या खिडकीतच होतं. रात्री उजेड नसतो, शैवाल कार्बन डायऑक्साइड घेत नाही, त्यामुळे पहाटे पीएच उतरणं नैसर्गिकच आहे. त्यात आम्ही तिघी डासांमुळे दारं-खिडक्या बंद करून झोपायचो. आमच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरत होता. खिडकीला जाळी लावून ती उघडी ठेवली, तर पहाटेचा पीएच आपोआप ८.० झाला. टाकीला काही झालंच नव्हतं. झालं होतं ते मला.

तेव्हापासून माझा नियम : एक आकडा चुकला म्हणून लगेच काही ओतायचं नाही. तीन दिवस एकाच वेळेला मोजायचं, कारण शोधायचं, आणि मगच थोडं थोडं दुरुस्त करायचं. अल्कलिनिटी दिवसाला १ डीकेएचच्या वर हलवायची नाही. ८ असो की ९, प्रवाळाला फारसा फरक पडत नाही. आज ८ आणि उद्या १४ ह्याने पडतो.

पाणी किती बदलायचं?

गोगलगायी, खेकडा आणि त्यांचं अन्न मिळून माझ्या टाकीत नायट्रेट आठवड्याला साधारण २ मिलिग्रॅम प्रतिलिटर वाढतं. दर आठवड्याला १०% पाणी बदललं तर ते शून्य होत नाही. ते चढत चढत २० वर जाऊन थांबतं, कारण २० च्या १०% म्हणजेच २. तुम्ही २०% बदललंत तर ते १० वर थांबतं. म्हणून मी दर रविवारी ६ लिटर बदलते. नवं पाणी आदल्या रात्री कालवून ठेवते आणि खारटपणा व तापमान टाकीशी जुळवून घेते. मऊ प्रवाळांना कॅल्शियम वगैरे वेगळं घालावं लागत नाही, नव्या मिठातून येतं तेवढं पुरतं. नायट्रेट अगदी शून्य करायच्या मागेही लागू नये. शैवालाला खत लागतं, नाहीतर प्रवाळ फिके पडतात.

थोडक्यात काळजी

१. उजेड : रोज ८ तास, टायमरवर. नवा दिवा असेल तर आधी मंद, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पूर्ण.

२. प्रवाह : ताशी टाकीच्या १० ते २० पट पाणी फिरवणारा छोटा पंप. धार सरळ प्रवाळावर मारू नये, समोरच्या काचेवर मारावी.

३. वीज गेली तर : पंप बंद म्हणजे प्राणवायू बंद. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा. रात्री तर हवाच.

४. हात : काही झोआंथिडांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत. ते असलेला खडक कधीही उकळू नये किंवा ब्रशने घासू नये, वाफेतून आणि तुषारांतूनही विषबाधा होते. हॉस्टेलच्या किटलीत तर नकोच!

५. फरशी : कोरडी. हा नियम रेक्टर मॅडमचा आहे आणि त्याला अपवाद नाही.

शेवटचं

दिवाळीच्या सुट्टीत टाकीचं काय करायचं, हा मोठा प्रश्न होता. शेवटी लॅबच्या काकांनाच विचारलं. टाकी लॅबच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि मी त्यांना दोन पानं भरून सूचना लिहून दिल्या. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे रेघेपर्यंत पाणी भरायचं आणि बाकी हात लावायचा नाही. बरोबर ना?"

दोन पानांत मला जे नीट लिहिता आलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. सोळा दिवसांनी परत आले तर पाणी बरोबर रेघेवर होतं आणि झोआंथिड सगळे उघडे होते. आणले तेव्हा अकरा पॉलिप होते, काल मोजले तर बेचाळीस आहेत. झेनिया मी पुन्हा आणलेला नाही. जागा तशीच रिकामी ठेवली आहे.

ज्या मैत्रिणींना बघायचं असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर दार वाजवावं. मुलांनी लेखावरच समाधान मानावं. आणि येताना कृपया कोणीही मेसमधून काही आणू नये.