दुधातली साखर

दूध गोड लागते, कारण त्यात साखर असते. ही साखर म्हणजे एका जुवाला जुंपलेली बैलजोडी समजा. एकाचे नाव ग्लुकोज, दुसऱ्याचे गॅलॅक्टोज. आतड्यातला पाचक रस हे जू सोडतो. मग दोन्ही साखरा रक्तात उतरतात.

ग्लुकोज लगेच कामाला लागते. गॅलॅक्टोज आधी काळजात, म्हणजे यकृतात जाते. तिथे त्याचेही ग्लुकोज बनते आणि अंगाला ताकद मिळते. हे कसे घडते ते अर्जेंटिना देशातल्या लेलॉयर यांनी शोधून काढले. त्यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले. बाळंतिणीच्या अंगात याच्या उलट चालते. ग्लुकोजचे गॅलॅक्टोज होते, तेव्हा दूध बनते!

हजारो लेकरांत एखाद्याच्या यकृताला हे काम जमत नाही. हा दोष आईबाप दोघांकडून येतो. कुणाची नजर लागून नव्हे. असे लेकरू दूध प्याले की थोड्याच दिवसांत ओकते, पिवळे पडते, मलूल होते. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू होतो, जीवही जातो. पिवळेपणा पुष्कळ बाळांना येतो आणि जातो. पण ओकणे आणि मलूलपणा सोबत असेल, तर अंगारा-दोरा करीत बसू नका. अर्धापूरहून नांदेड जवळ आहे. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

रक्त तपासून हाच रोग निघाला, तर आईचे दूधसुद्धा बंद करतात. डॉक्टर सोयाबीनची खास पावडर देतात. आपल्या रानातले सोयाबीन घरी वाटून पाजू नका, ते बाळाला पुरत नाही. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अंगावरचे दूध तोडू नका.

मोठ्या माणसाचे पोट दुधाने गुडगुडते, ते वेगळे. त्याचे जूच नीट सुटत नाही. त्याला दही बहुधा सोसते.